दुष्काळात तेरावा महिना

मोबाइल बनवणारे इंजिनीअर पंचांग समोर ठेवून काम करत असावेत, असा मला दाट संशय आहे. बारा महिने फोन कसा गुणी बाळासारखा वागतो. तेरावा लागला की डोळे मिटतो! तुमच्याही बाबतीत झालंय ना असं?

माझ्या नाही, अण्णांच्या फोनबाबत झालं. जुलै २०२४ मध्ये अप्रेझल बरं झालं, त्या आनंदात मी त्यांना १३,४९९ रुपयांचा स्मार्टफोन घेऊन दिला. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, भूम तालुक्यात. तिथं खवा छान मिळतो, रेंज मात्र देवाच्या कृपेनं. पण अण्णांनी दोन महिन्यांत फोनवर असा हात बसवला की बस्स! बाजारभाव, हवामान, विम्याचा ओटीपी आणि रोज सकाळी सात वाजता मला एक गुलाबाचं फूल.

अकराव्या महिन्यात फोन आपोआप बंद-चालू व्हायला लागला. अण्णा एसटीनं शंभरेक किलोमीटरवरच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या पोरानं ‘सॉफ्टवेअर मारून’ फोन परत दिला. जुलैमध्ये वॉरंटी संपली आणि ऑगस्ट २०२५ च्या पहिल्याच आठवड्यात फोन गेला तो गेलाच. गुलाबाचं फूल आलं नाही, तेव्हा मला कळलं.

वेळ तर अशी की विचारू नका. खरिपाची ई-पीक पाहणी सुरू झालेली. २०२१ पासून सातबाऱ्यावरचा पेरा शेतकऱ्यानं स्वतःच्या मोबाइलवरून, शेतात उभं राहून, फोटोसकट नोंदवायचा असतो. आपल्यासाठी फोन बंद म्हणजे दोन दिवस रील्स बंद. अण्णांसाठी फोन बंद म्हणजे अर्धं तलाठी ऑफिस बंद! शेवटी शेजारच्या पोराच्या फोनवरून पाहणी उरकली, पण ‘दुसऱ्याच्या दारात किती दिवस उभं राहायचं?’ हे अण्णांचं वाक्य मला पुण्यात बसून टोचलं.

वीकेंडला गावी गेलो. अण्णांना गाडीवर घेऊन सर्व्हिस सेंटर गाठलं. काउंटरवरच्या मुलानं फोन उघडलाही नाही. “मदरबोर्ड गेलाय. ७,२०० रुपये. वॉरंटी संपली ना, सर.”

“पण मे महिन्यात हीच तक्रार घेऊन आले होते ते.”

“तसं काही नव्हतं, सर. काकांना नीट सांगता आलं नसेल.”

मी मनातल्या मनात हिशेब केला. ७,२०० रुपये जुन्या फोनवर घालण्यापेक्षा नवा घ्यावा, झीरो कॉस्ट ईएमआय, विषय संपला. आपल्या पिढीचा हा ठरलेला उपाय. वाद घालायला वेळ कुणाला आहे? तसं मी अण्णांना बाहेर चहा घेताना सांगितलंही.

अण्णांनी बशी खाली ठेवली. “पैशाचं न्हाई रे. त्यानं मला खोटं पाडलं.”

माझ्याकडे यावर उत्तर नव्हतं.

घरी आल्यावर अण्णांनी फडताळातून एक पिशवी काढली. खताच्या दुकानातली, पिवळी, प्लॅस्टिकची. तिच्यात सातबारा, आठ-अ, विम्याच्या पावत्या, २००९ सालचं विजेचं बिल आणि त्या सगळ्याच्या मध्ये चार घड्या घातलेली सर्व्हिस सेंटरची जॉबशीट. तारीख मे महिन्यातली. तक्रारीच्या रकान्यात स्वच्छ छापलेलं : ‘ऑटो रीस्टार्ट’. म्हणजे काकांना सगळं नीट सांगता आलं होतं!

त्या रात्री मी पहिल्यांदा ग्राहक कायदा वाचला. लाज वाटते सांगायला, पण मी पुण्यात राहतो, जिथं बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीचं काम उभं केलं, आणि मला ग्राहक म्हणजे डिस्काउंट मागणारा माणूस एवढंच माहीत होतं.

कायद्यातली पहिली गंमत ही. वॉरंटी हे कंपनीनं दिलेलं वचन आहे, तर हक्क कायद्यानं दिलेला आहे. २०२० पासून लागू असलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘दोष’ म्हणजे वस्तूच्या दर्जातली उणीव. ती बाराव्या महिन्यात दिसली की तेराव्या, अशी अट त्या व्याख्येत नाही. तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षं मुदत असते. आणि पैसे घेऊन केलेली दुरुस्तीसुद्धा ‘सेवा’च, म्हणजे त्यात कुचराई झाली तर तीही तक्रारीचा विषय.

पण हुरळून जाऊ नका, बॉस. फोन पाण्यात पडला, बॅटरी वापरून म्हातारी झाली, तर कायदा तुमचे अश्रू पुसायला येणार नाही. वॉरंटीनंतर दोष मुळातच होता, हे तुम्हाला दाखवावं लागतं. गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. पण सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे तीच तक्रार वॉरंटीत असताना नोंदवल्याचा कागद. तो आमच्याकडे होता... खताच्या पिशवीत!

दुसरी शंका अशी की बिल माझ्या नावावर, फोन अण्णांचा. चालतं. विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वापरणाराही ग्राहकच. तिसरी शंका, केस कुठं करायची? तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही आणि १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’वर तक्रार ऑनलाइन भरता येते. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं तरी बिलावर ‘उस्मानाबाद’ आणि आधारवर ‘धाराशिव’ म्हणून अण्णा जरा काळजीत होते. मी म्हटलं, “अण्णा, जिल्हा तोच आहे.”

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीशी बोलणं घडवून आणते. कंपनीचं उत्तर आलं : ‘सदिच्छा म्हणून’ पन्नास टक्के सूट. मी खूश! अण्णांनी मान हलवली. “अर्धं खोटं बोललो होतो काय मी?”

मग आम्ही एक पानाचं पत्र लिहिलं. खरेदीची तारीख, जॉबशीटचा नंबर, वॉरंटीत नोंदवलेली आणि दुरुस्त न झालेली तीच तक्रार, पंधरा दिवसांची मुदत. नाहीतर जिल्हा आयोग. रागाचा एकही शब्द नाही. मजकूर माझा, सही अण्णांची. एक प्रत सर्व्हिस सेंटरला, एक कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला, रजिस्टर पोस्टानं. बाराव्या दिवशी फोन आला : मदरबोर्ड फुकट बदलून देतो.

आता मागं वळून बघताना वाटतं, हा विषय एका फोनचा नाहीच. युरोपात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या नव्या मॉडेलांचे महत्त्वाचे सुटे भाग विक्री थांबल्यावरही सात वर्षं पुरवावे लागतात. आपल्याकडे सरकारनं २४ डिसेंबर २०२२ ला, म्हणजे ग्राहक दिनालाच, ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल सुरू केलं. नियम होतील तेव्हा होतील. तोवर आपल्या हातात कागद आहे. दुकानातून बिल, सर्व्हिस सेंटरमधून जॉबशीट, आणि त्यावर तक्रार आपल्या शब्दांत लिहिली आहे ना, हे बघूनच बाहेर पडायचं. ‘सॉफ्टवेअर मारलं’ असं तोंडी ऐकून नाही. मी हल्ली सगळ्याचे फोटो काढून मेलवर टाकतो. माझी पिवळी पिशवी ती.

सप्टेंबरच्या मध्याला अण्णांचा फोन दुरुस्त होऊन आला. सकाळी सातला गुलाब आला. मी ऑफिसच्या बसमध्ये एकटाच हसलो.

आठवडाभरात भूम-परंड्याकडे आभाळ फाटलं. त्या दिवशी सातला गुलाब नव्हता. फोटो होते, एकामागून एक, अकरा. पाण्यात उभं सोयाबीन. प्रत्येक फोटोत बांधावरचं लिंबाचं झाड येईल अशा बेतानं काढलेले, गट नंबर ओळखू यावा म्हणून. खाली अण्णांनी टाइप केलं होतं, ‘जपून ठेव. पंचनाम्याला लागतील.’