वऱ्हाड थांबलेलं गाव

मार्गशीर्ष लागला की अंबाजोगाईच्या रस्त्यांवर एमएच-१२ आणि एमएच-०८च्या गाड्या दिसायला लागतात. इतर देवींची नवरात्रं कधीच उरकलेली असतात. इथल्या योगेश्वरी देवीचं नवरात्र तेव्हा कुठे सुरू होतं. कोकणातली घराणी, आता पुण्या-मुंबईत पांगलेली, कुलदेवतेला येतात. कुटलेल्या विड्याचा तांबूल हा इथला प्रसाद. तो तोंडात टाकत एखाद्या आजी हमखास विचारतात, “देवी आमची, मग एवढ्या लांब कशी?”

उत्तर गावातलं शेंबडं पोरही देतं. देवी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्नाला निघाली होती. वाटेत मुहूर्त टळला, वऱ्हाडाचा दगड झाला आणि देवी कुमारिकाच राहिली. हत्तीखान्याच्या लेण्यातले दगडी हत्ती त्याच वऱ्हाडातले म्हणे. परळी इथून जेमतेम पंचवीस किलोमीटर!

गावाचा पुढचा सगळा इतिहास मला या कथेत दिसतो. ज्यांच्या नावावर आम्ही मिरवतो ते बहुतेक बाहेरचेच. संतकवी दासोपंत नारायणपेठचे. सोळाव्या शतकात इथे आले, राहिले आणि लिहीत सुटले. इतके, की ‘पंचीकरण’ हा ग्रंथ त्यांनी सुमारे चाळीस फूट लांब कापडावर उतरवलं. तीच ती पासोडी. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ जन्माने सिंदगीचे. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून ते इथल्या योगेश्वरी नूतन विद्यालयात आले तेव्हा गावाचं नाव मोमिनाबाद होतं. निजामी अमलात राष्ट्रीय विचारांची शाळा चालवायची म्हणजे हातात पैसा नाही आणि सरकारची वाकडी नजर कायमची. तरी मास्तर आले. सवलतींचं गाजर कुणी दाखवलं नव्हतं. काम मोठं होतं आणि करणारे थोडे होते.

त्याच स्वामीजींच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७५च्या सुमारास उभं राहिलं. गावच्या तोंडी ते नुसतं ‘स्वाराती’. सकाळी फाटकापाशी उभं राहावं. केजची, धारूरची, रेणापूरची माणसं. दस्तीत बांधलेल्या भाकरी, पिशवीतून डोकावणारी एक्स-रेची पाकिटं. शेजारून पांढरे कोट घातलेली पोरं चहाचा ग्लास घाईघाईत रिकामा करून वॉर्डाकडे पळतात. त्यांच्यावर खोल्या चालतात, मेस चालतात, झेरॉक्सची दुकानं चालतात. गुंतवणूक परिषद न भरवता या गावात जो पैसा खेळतो, तो असा.

याच बीड जिल्ह्यातून दसरा झाला की उलटी वाट सुरू होते. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टरवर बिऱ्हाड चढवतात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून हिशेबात एक ‘कोयता’. कारखान्यांना माणूस ओढता येतो, यात शंकाच नाही. पण ती ओढ कर्जाची. फिटली नाही तर पुढच्या हंगामात पुन्हा निघायचं. तिकडे परळीत औष्णिक वीज केंद्र १९७१मध्येच सुरू झालं, पण २०१५च्या दुष्काळात पाण्यावाचून संच बंद ठेवावे लागले. भांडवल आलं होतं, पाऊस आला नाही.

१७ सप्टेंबर २०२५ला नगरकडून बीडपर्यंत रेल्वे आली. हा मार्ग पुढे परळीला जाणार, अंबाजोगाईला बगल देऊन. मुहूर्त पुन्हा टळला, असं गावात हसत म्हणतात, पण हळहळही आहे. मला तेवढी वाटत नाही. रेल्वे माणसं आणते तशी नेतेही. इथे शिकून तयार झालेल्या डॉक्टरने बदलीचा अर्ज न करता घर बांधावं, बायको-पोरांना इथे आणावं, यासाठी शाळेपासून नळाच्या पाण्यापर्यंत काय लागेल, याचा हिशेब गावातल्या कुठल्याही सभेत कुणी मांडलेला मी अजून ऐकलेला नाही. स्टेशनची मागणी मात्र प्रत्येक निवेदनात पहिली असते.