सुटलेले चार टाके

"तू जातोच आहेस, तर तिच्याशी एकदा नीट बोल," ताई म्हणाली. "शिकायला पाठवलंय की विणायला, ते तरी कळू दे!"

बोलण्याचा विषय म्हणजे माझी भाची. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवे नावाचे गाव आहे. तिथल्या विद्यापीठात ती एम. एस्सी. करायला गेली, तीही बँकेचे कर्ज काढून. दर रविवारी ती आईला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवी. फोटोत ना प्रयोगशाळा, ना ग्रंथालय. असे काय, तर लोकरीचा वीतभर चौकोनी तुकडा! स्वेटर असता तर ताईने समजून घेतले असते. निदान मोजा असता, टोपरे असते, तरी चालले असते. पण एक तुकडा झाला की दुसरा, दुसरा झाला की तिसरा. "अरे, त्याचं पायपुसणंसुद्धा होत नाही!" हे ताईचे खरे दुखणे होते.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. मे महिन्याच्या सुटीत आयर्लंडला जाण्याइतके पैसे साठवायला मला किती वर्षे लागली, ते इथे सांगत नाही. बॅगेत चिवडा, मेतकूट, गोडा मसाला आणि ताईच्या सूचना भरून मी निघालो.

विणकामाशी माझा संबंध फार जुना, पण फक्त लडीपुरता. आई लोकरीची लड आणी आणि मला समोर बसवून ती माझ्या दोन्ही हातांत अडकवी. ती गुंडा करी आणि मी हात डावीउजवीकडे झुलवत परवचा म्हणे. पुढे तिच्या सुया हलू लागल्या की ती स्वतःशीच पुटपुटे, "दोन सुलट, दोन उलट, दोन सुलट..." भाषेतले पहिले वृत्त मी बहुधा तिथेच ऐकले.

डब्लिनहून बसने अडीच-तीन तासांत गॉलवे आले. आमचा कोकणातला पाऊस कसा वाजतगाजत येतो. गॉलवेचा पाऊस भिडस्त पाहुण्यासारखा आहे. कधी आला ते कळत नाही, धड कोसळत नाही आणि उठून जायचे नावही घेत नाही. मधून कॉरिब नदी धावते. 'वाहते' म्हणवत नाही, इतकी तिला समुद्र गाठायची घाई! नदीपलीकडे विद्यापीठाची जुनी करड्या दगडांची चौकोनी इमारत आहे. 1849 साली तिथे पहिले विद्यार्थी आले.

भाचीची खोली मात्र आधुनिक होती आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या फडताळाहून किंचितच मोठी. आत शिरलो आणि थबकलो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळ्या ताणलेल्या आणि त्यांवर चिमट्यांनी लावलेले पांढरे चौकोन. 32 मी स्वतः मोजले. प्रत्येकाच्या कोपऱ्याला कागदाची चिठ्ठी आणि तीवर तारीख, टाके, ओळी. माझ्या डोळ्यांसमोर एकदम धोब्याचा घाट आला.

"मामा, हात लावून बघा," ती म्हणाली.

मी एकेक चौकोन बोटांनी वाचू लागलो. पाहताना सारे पांढरेच, पण बोटांना प्रत्येकाची बोली निराळी. एकावर बारीक दाणे उठले होते. आई त्याला साबुदाण्याची वीण म्हणे. एक सुलट, एक उलट आणि पुढच्या ओळीत त्याच्या विरुद्ध. दुसऱ्यावर शंकरपाळे कापून ठेवले होते. तिसऱ्यावर मधाचे पोळे आणि चौथ्यावर शाळकरी मुलीच्या वेणीसारखे घट्ट पेड. हा पेड कसा पडतो, तेही तिने दाखवले. तीन टाके न विणता एका आखूड सुईवर काढून पुढे धरायचे, पुढचे तीन आधी विणायचे आणि मग थांबवून ठेवलेल्यांची पाळी. पुढे धरले तर पीळ डावीकडे जातो, मागे धरले तर उजवीकडे. एवढ्याशा अदलाबदलीने सपाट कापडाला डोंगर-दऱ्या फुटतात!

"पण याचं पुढे करायचं काय?" मी ताईचा वकील झालो.

"काही नाही. हा नमुना आहे. आपल्या हाताने चार इंचांत किती टाके बसतात, ते यावरून कळतं. ते न मोजता स्वेटर घातला तर मामाचा व्हायचा तो आजोबांना होतो. मला स्वेटर करायचाच नाहीये. मला वीण शिकायचीय. रात्री प्रयोगाची टिपणं लिहून झाली की तीन पाव तास."

वीण शिकायचीय म्हटल्यावर माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. या भागातल्या स्वेटरांची एक गोष्ट मी पंधरा वर्षे वर्गात सांगत आलो आहे. गॉलवेसमोर समुद्रात ॲरन नावाची तीन बेटे आहेत. तिथल्या प्रत्येक कोळी घराण्याची वीण म्हणे वेगळी. कारण? समुद्राने माणूस नेला आणि आठवड्यांनी प्रेत किनाऱ्याला लागले, तर चेहरा ओळखू येत नाही. ओळखायचे ते स्वेटरच्या विणीवरून. ही गोष्ट सांगून झाली की वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. मागच्या बाकांवरसुद्धा!

भाचीने सगळे ऐकून घेतले आणि मग हळूच म्हणाली, "मामा, ते खरं नाही."

"खरं नाही म्हणजे? सिंगच्या नाटकात आहे!" मी जवळजवळ ओरडलोच. (हे सिंग पंजाबचे नव्हेत. जे. एम. सिंग हे आयरिश नाटककार.)

"उद्या आपण बेटावर जाऊ," ती म्हणाली. "बोटीत नाटक पुन्हा वाचा."

रॉसाव्हीलच्या धक्क्यावरून इनिश मोर या थोरल्या बेटाला बोट चाळीस मिनिटांत पोचते. चाळीसपैकी तीस मिनिटे मी रेलिंगला धरून होतो, म्हणून नाटक फार वाचून झाले नाही. पण जेवढे वाचले तेवढे पुरेसे होते.

बेट पाहिले आणि पोटातली ढवळाढवळ विसरलो. लांबी चौदा-एक किलोमीटर, वस्ती आठशेच्या आसपास आणि जिकडे पाहावे तिकडे करडा चुनखडीचा दगड. त्या दगडांचेच चुन्याशिवाय रचलेले गडगे. कोकणातले गडगे पाहिलेल्याला त्यात नवल नाही, पण इथे त्यांना अंत नाही. गुंठा-दोन गुंठे जमीन आणि तिच्याभोवती कंबरभर भिंत. मातीही फुकटची नव्हे. उघड्या खडकावर समुद्रातले शेवाळ आणि वाळू पाठीवरून वाहून आणून पिढ्यान्‌पिढ्यांनी ती तयार केली. पश्चिमेला डून एंगस नावाचा प्राचीन दगडी कोट आहे. त्याच्या टोकाला पोटावर झोपून खाली पाहिले. शंभर मीटर सरळ कडा आणि पायथ्याशी अटलांटिक. इथे माणसे समुद्रात का जात होती, हे त्या वरच्या मातीकडे पाहून कळते आणि घरच्यांचा जीव का उडत होता, ते खालच्या पाण्याकडे पाहून.

बंदराजवळ स्वेटरांची दुकाने आहेत. आता बहुतेक माल यंत्रावर विणलेला असतो. आडनाव सांगा आणि घराण्याची वीण घेऊन जा, असाही व्यापार चालतो. मी भाचीकडे विजयी मुद्रेने पाहिले. ती काही बोलली नाही. एका घराच्या ओट्यावर एक आजीबाई विणत बसल्या होत्या. शेजारणीशी त्यांचे आयरिश भाषेत चालले होते. आमच्यासाठी त्यांनी इंग्रजी काढले.

"तुमच्या घराण्याची वीण कोणती?" मी विचारले.

आजीबाई हसल्या. "मला आवडेल ती! आईनं शिकवलं, आईला शेजारणीनं शिकवलं. रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसलेल्या माणसाची पाठ पाहायची, टाके मोजायचे आणि घरी येऊन करून बघायचे. प्रार्थनेत लक्ष कमी असायचं, हे मात्र पाद्रीबाबांना सांगू नका!"

मग त्यांनी भाचीच्या पिशवीतला अर्धा विणलेला चौकोन मागून घेतला, क्षणभर बोट फिरवले आणि एका जागी थांबल्या. तिथे पीळ डावीकडे जायचा तो उजवीकडे गेला होता. भाचीने मुकाट्याने सुई काढली आणि बारा ओळी उसवल्या. माझ्या पोटात कालवले, त्या दोघींना मात्र काहीच वाटले नाही.

परतीच्या बोटीत समुद्र शांत होता. खरे काय ते भाचीने सांगितले. ज्याला आज ॲरन स्वेटर म्हणतात, तो फार तर विसाव्या शतकाच्या आरंभीचा. 1891 साली सरकारने या गरीब किनाऱ्यासाठी एक मंडळ नेमले. मासेमारी वाढावी आणि बायकांच्या हातात दोन पैसे यावेत, असा त्याचा हेतू. बाहेरच्या कोळ्यांच्या अंगावरच्या विणी इथल्या बायकांनी पाहिल्या, उचलल्या आणि त्यांत आपल्या मिसळल्या. 1930 साली म्युरिएल गॅहन या बाईंनी डब्लिनमध्ये कंट्री शॉप काढले. तिथून बेटावरच्या बायकांचे काम विकले जाऊ लागले. 1967 साली हाइन्झ एडगर कीवे यांनी एक पुस्तक लिहून या टाक्यांचे नाते थेट प्राचीन धर्मचिन्हांशी जोडले. त्याआधी 1961 साली क्लॅन्सी बंधू हे आयरिश गायक हेच स्वेटर घालून अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर गायले आणि मागणी वाढली. मागणी वाढली की पुराणे वाढतात, हे आपल्याकडच्या तीर्थक्षेत्रांनाही ठाऊक आहे.

आणि सिंग? 1904 साली रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या 'रायडर्स टु द सी' मध्ये स्वेटर नाहीच! आहे तो एक मोजा. दूर डोनेगॉलकडे सापडलेल्या बुडालेल्या माणसाच्या अंगावरचा. घराण्याच्या खुणेने तो कोणी ओळखत नाही. नोरा नावाची बहीण टाके मोजते. तिने साठ घातले होते आणि त्यातले चार सुटले होते. तेवढ्यावरून तिला कळते की हा आपल्या भावाचा मोजा. पंधरा वर्षे मी हे नाटक अर्धेच वाचून शिकवत होतो.

त्या रात्री पुन्हा भाचीच्या सुतळ्यांपुढे उभा राहिलो. आता मी चिठ्ठ्यांवरच्या तारखा वाचू लागलो. अगदी कडेला पहिला चौकोन होता, ऑक्टोबरचा. त्याला चौकोन म्हणणे म्हणजे उदारपणाच. एक बाजू आत ओढलेली, दुसरी फुगलेली आणि मधोमध टाका सुटून खाली चार ओळी शिडी पडलेली.

"हा का ठेवलास?" मी विचारले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या आठवड्यात पहिल्या चाचणीत मी नापास झाले, मामा. आईला सांगितलं नाही. तिकीट काढून परत यायचं ठरवलं होतं. पण घरी फोन केला तर आवाजावरून कळलं असतं, म्हणून फोनही करवेना. शेजारच्या खोलीतली मुलगी विणत होती. तिनं सुया दिल्या. रात्रभर हेच करत बसले. सकाळी परत यायचा विचार नव्हता असं नाही, पण दुसरा तुकडा सुरू झाला होता."

डिसेंबरचे चौकोन पाहिले. तिथे तेव्हा साडेचारला अंधारते. त्या महिन्याची वीण इतकी घट्ट, की सुई शिरेना. फेब्रुवारीत टाके सैलावले होते, एप्रिलमध्ये परीक्षेच्या दोन आठवड्यांत नुसती साबुदाण्याची वीण. मी लडी धरणारा माणूस, पण एवढे मलाही वाचता आले. ताईला दर रविवारी जे फोटो जात होते, ती मुलीची पत्रेच होती. फक्त ती उलट बाजूने वाचायची होती.

निघताना भाचीने तो पहिला वाकडा चौकोन माझ्या हातात दिला. "हा आईला द्या. बाकीचं मी सांगीन."

जूनमध्ये कॉलेज उघडले. दुसऱ्या आठवड्यात वर्गात उभा राहून मी सांगितले, की मागच्या पंधरा तुकड्यांना मी जी गोष्ट सांगितली ती चुकीची होती. मग नोराची सांगितली, साठ टाक्यांची आणि सुटलेल्या चारांची. घराण्याची खूण दुकानात विकत मिळते. आपले माणूस ओळखायचे, तर त्याचे सुटलेले टाके आपल्याला ठाऊक असावे लागतात. मागच्या बाकावर एक मुलगा कुजबुजत होता, तोही थांबला. या खेपेला मात्र गोष्ट खरी होती.

ताईकडे गेलो, तेव्हा ती गवार मोडत होती. हात पुसून तिने तो चौकोन घेतला. सुलट बाजू पाहिलीच नाही. विणणाऱ्या बायकांसारखा आधी उलटा केला, चष्मा कपाळावरून खाली आणला आणि शिडी पडलेल्या जागी बोट ठेवले.

"इथं टाका सुटलाय," ती म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही.

थोड्या वेळाने उठून तिने कपाट उघडले. आईच्या सुया कुठे ठेवल्या आहेत, ते शोधत होती.