अर्न सरोवराच्या कांठीं

कृष्णेवरील धोम धरणाच्या जलाशयाकांठीं आमच्या घराण्याची थोडी पडीक जमीन आहे. ती व शेजाऱ्यांची जमीन मिळून तेथें गोल्फचें मैदान आणि श्रीमंतांसाठीं विश्रामधाम उभारूं पाहणारा एक गृहस्थ गेल्या वर्षीं आमच्याकडे आला, आणि तेव्हांपासून एका पंक्तीला बसणाऱ्या आमच्या घरांत दोन तट पडले. जमीन देऊं नये असें दादांचें म्हणणें. द्यावी असें त्यांच्या मुलाचें. हा आमचा पुतण्या नोकरीनिमित्त बेलफास्टला असतो. "बाबा, असली एक जागा डोळ्यांनीं पाहा आणि मग नको म्हणा," असा त्यानें आग्रह धरला. म्हणून गेल्या जूनमध्यें दादा, वहिनी आणि आम्ही उभयतां उत्तर आयर्लंडांतील फर्मॅना परगण्यांत, अर्न सरोवराकांठीं, दोन रात्री राहून आलों.

बेलफास्टहून मोटारीनें सुमारें दोन तासांत एनिस्किलन गांव लागतें. तेथून थोडें पुढें, खालचें अर्न सरोवर आणि कासल ह्यूम नांवाचें लहानसें तळें यांच्यामध्यें शिरलेल्या भूशिरावर तें हॉटेल आहे. त्याच्या थाटाचें वर्णन करीत आम्ही बसत नाहीं; मऊ गालिचे, नम्र नोकर आणि दरपत्रक पाहून वहिनींनीं मनांतल्या मनांत केलेला हिशेब, हें सारें वाचकांना कल्पनेनें दिसेलच. वहिनींचा शाकाहार बटाटे, सोडा घालून भाजलेला पाव आणि लोणी यांवर निभावला. लोणी मात्र घरच्यासारखें होतें, असें त्या अजून सांगतात.

पाहण्यासारखें होतें तें मैदान. निक फाल्डो या प्रसिद्ध इंग्रज खेळाडूनें आंखलेलें हें मैदान २००९ सालीं खुलें झालें. पाण्याला तें इतकें लगटून आहे कीं चुकलेला चेंडू थेट सरोवरांत जावा. सकाळीं दादा कडेकडेनें हिंडून आले आणि गवत कापणाऱ्या माळ्याला त्यांनीं विचारलें, "एवढ्या हिरवळीला पाणी कोठून देतां?" माळ्यानें हंसून आभाळाकडे बोट दाखविलें. तिकडे पाऊस बाराही महिने पडतो. सहा महिने सरोवर परगण्यांत असतें आणि सहा महिने परगणा सरोवरांत, अशी तेथें थट्टाच आहे.

दादांनीं तेवढ्यावरच मुलाला गांठलें. आपल्याकडे पाऊस चार महिन्यांचा. पुढें हिरवळ राखावयाची तर पाणी जलाशयांतूनच उपसावें लागणार, आणि तेंही ऐन चैत्र-वैशाखांत, कालव्याखालचा शेतकरी पाण्याच्या पाळीची वाट पाहत असतां! पुतण्यापाशीं याला उत्तर नव्हतें. पण त्याचें म्हणणेंही अगदींच फोल नव्हतें. "आपल्या गांवचीं पोरें पुण्या-मुंबईस जातात; हीं निदान घरीं जेवून कामावर येतात," तो म्हणाला.

त्या जागेचा दुसरा इतिहासही त्यानेंच प्रामाणिकपणें सांगितला. २००७ सालीं उघडलेलें हें हॉटेल कर्जापायीं २०११ मध्यें प्रशासकांच्या हातीं गेलें, आणि त्याच अवस्थेंत १७ व १८ जून २०१३ रोजीं आठ बलाढ्य राष्ट्रांचे प्रमुख येथें जमले. पाहुण्यांना ओसाडी दिसूं नये म्हणून परगण्यांतील कांहीं बंद दुकानांच्या दर्शनी भागावर भरल्या दुकानांचीं चित्रें डकविण्यांत आलीं होतीं. आम्ही सारे हंसलों. पण याच पुतण्याच्या मुंजींत आम्हीं वाड्याची पुढची भिंत तेवढी रंगविली होती आणि मागची पडवी ढांसळली होती तशीच ठेवली होती, हें दादांनीं सांगतांच हंसणें थांबलें.

दुसऱ्या दिवशीं नावेनें डेव्हनिश बेटावर गेलों. संत मोलाइश यानें सहाव्या शतकांत तेथें मठ स्थापिला. बाराव्या शतकांतील सुमारें २५ मीटर उंचीचा वाटोळा दगडी मनोरा अजून शाबूत आहे. त्याचें दार इतकें उंचावर कीं शिडीवांचून आंत जाणें नाहीं. त्याच्या सावलींत बसून दादा बराच वेळ पाण्याकडे पाहत होते.

"त्या गृहस्थाला लिही," ते एकाएकीं म्हणाले. "मैदान नको. आठ-दहा खोल्यांचें घर बांध, जमीन भाड्यानें घे, माणसें गांवचींच ठेव. मग बोलूं."

"आणि तो नाहीं म्हणाला तर, बाबा?"

"तर पडीक राहील. आजवर राहिलीच आहे."

पुतण्यानें त्याच रात्रीं पत्र लिहिलें. त्याचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.