उंदीर, धान्य आणि झाकण

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर नव्याने बिऱ्हाड केलेल्या एका तरुण दांपत्याने परवा मला घरात बोलावून घेतले आणि स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली ठेवलेल्या तांदळाच्या पोत्याच्या खालच्या कोपऱ्याला पडलेले एक भोक दाखविले. ते भोक मी बराच वेळ पाहत राहिलो. अंगठ्याच्या पेराहूनही ते लहान होते. पण त्याच्या कडा विलक्षण नेटक्या होत्या, आणि त्यातून ओघळलेल्या तांदळाची अरुंद धार भिंतीच्या कडेकडेने, मध्ये कोठेही न भरकटता, थेट मोरीपर्यंत गेलेली होती. त्या धारेत मधूनमधून तांदळाच्याच लांबीच्या, टोकांशी निमुळत्या झालेल्या काळ्या लेंड्या पडल्या होत्या. यजमानांच्या हातात एक छापील अंदाजपत्रक होते. वर्षभराच्या बंदोबस्ताची त्यात नमूद केलेली रक्कम घराच्या महिन्याच्या भाड्याशी स्पर्धा करणारी होती. “काका, एवढे पैसे आत्ता आमच्याजवळ नाहीत,” ती मुलगी म्हणाली, “घरातल्या घरात काही होण्यासारखं असेल तर सांगा.”

होण्यासारखे पुष्कळ असते, आणि त्यातले बहुतेक जवळजवळ फुकट असते, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्यासाठी शत्रूची प्रकृती आधी नीट जाणून घ्यावी लागते. गटारातून वर येणारी घूस आणि घरात राहणारा लहान उंदीर यांची आपण एकाच नावाने संभावना करतो, आणि एकाचे औषध दुसऱ्याला देतो. हा घरातला उंदीर वजनाने साधारण वीस ग्रॅम. त्याला दिवसाकाठी तीनचार ग्रॅम अन्न पुरते, आणि तेही तो एका ठिकाणी बसून खात नाही; रात्रभर ठिकठिकाणी थोडे थोडे कुरतडत फिरतो. कोरड्या धान्यावर तो पाण्यावाचूनही दिवस काढू शकतो. पेन्सिल ज्या फटीत शिरते त्या फटीत त्याचा देह शिरतो. मादीची गर्भावस्था अवघ्या तीन आठवड्यांची, एका वेतात पाचसहा पिले, आणि ती पिले दीडदोन महिन्यांत स्वतः संसाराला लागतात. ज्या घरात आज एक उंदीर दिसला त्या घरात एकच उंदीर आहे, असे मानणे म्हणूनच धोक्याचे.

‘पंचतंत्रा’च्या दुसऱ्या तंत्रात हिरण्यक नावाचा उंदीर आपली पूर्वकथा सांगतो. महिलारोप्य नगराजवळच्या महादेवाच्या मठात ताम्रचूड नावाचा परिव्राजक राहत असे. भिक्षेतून उरलेले अन्न पात्रात घालून तो ते खुंटीला टांगून ठेवी, हिरण्यक उडी मारून ते फस्त करी, आणि त्याला भिवविण्यासाठी परिव्राजक रात्रभर फाटक्या वेळूने जमिनीवर आपटत बसे. पुढे बृहत्स्फिक् नावाचा अतिथी आला. इतर कोणी दांडकाच अधिक मोठा घ्यावयास सांगितले असते. याने मात्र विचारले, की एवढ्या उंच उडीचे बळ या प्राण्याला येते कोठून? आणि मग दोघांनी कुदळ घेऊन त्याचे बीळ खणले, आत पुरलेला निधी काढून घेतला, आणि त्या दिवसापासून हिरण्यकाची उडी खुंटीपर्यंत पोहोचेनाशी झाली. कथाकाराला द्रव्याचा महिमा सांगावयाचा होता हे उघड आहे. पण मला ती कथा गृहव्यवस्थेचे उत्कृष्ट प्रकरण वाटते. वेळू आपटणारे आपण सगळेच आहोत, कुदळ हाती घेणारा क्वचित.

आणि ही कुदळ म्हणजे रात्री दिवा मालवण्यापूर्वी स्वयंपाकघरावरून फिरविलेली एक नजर. पोळपाटाला चिकटलेली कणीक, केराच्या टोपलीतल्या सालपटांचा ढीग, मांजरासाठी वाटीत राहिलेला दूधभात, देवापुढचा साखरफुटाण्यांचा नैवेद्य, एवढ्यावर उंदराचे एक कुटुंब सुखाने नांदते. समईतली तेलात भिजलेली वातसुद्धा त्याला चालते. पेटलेली वात ओढून नेऊन त्याने कपड्यांच्या गाठोड्याला आग लावल्याच्या हकिकती जुन्या वाड्यांतून ऐकू येतात, आणि निजण्यापूर्वी समई शांत करण्याची जुनी शिस्त मला त्यामुळेच शहाणपणाची वाटते. त्यानंतर फटींचा प्रश्न. मोरीच्या नळाभोवतालची पोकळी, गॅसची नळी भिंतीतून येते ते छिद्र, दाराच्या खालची झिजलेली कड, या सर्व ठिकाणी पेन्सिल घालून पाहावी, आणि जेथे ती जाईल तेथे भांडी घासण्याची तारेची घासणी घट्ट कोंबून वर सिमेंट लिंपावे. पूर्वी गवंडी चुन्यात फुटक्या काचेचा चुरा कालवून बिळे बुजवीत. तो उपाय आजही तितकाच खरा आहे, फक्त हात जपावा लागतो.

माझ्या आजीला उंदरांचा त्रास वाटत नसे. तिला त्यांचे भय वाटे, आणि तेही जिवंत उंदराचे नव्हे. सकाळी उठल्याबरोबर, केर काढण्याच्याही आधी, ती कंदील घेऊन माजघर, कोठीची खोली आणि आढ्याखालचा माळा बघून येई. लहानपणी मला ती केवळ सवय वाटे. पुढे तिच्याकडूनच कळले, की तिच्या माहेरी, सातारा जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात, ही तपासणी प्रत्येक घरातली कर्ती बाई करीत असे, आणि तिचे कारण एकच होते: उंदीर पडला तर नाही ना? अंगावर जखम नाही, मांजराचा दात नाही, आणि उंदीर उघड्यावर येऊन, हेलपाटत, चुलीच्या किंवा उंबरठ्याच्या आसपास मरून पडला आहे, असे दिसले की त्या घराने दुपारची भाकरी घरात खायची नाही. पाटलाकडे वर्दी जाई. घोंगड्या, दोन पातेली, पाण्याचा हंडा आणि जाते घेऊन माणसे शिवारात जात. कडब्याच्या झोपड्या पडत. गावाला कुलूप लागल्यासारखे होई. कधी दोन महिने, कधी चार, सबंध गाव आपल्याच घरांकडे लांबून पाहत माळावर राही. आजीची बाराखडी अशाच एका झोपडीपुढच्या धुळीत गिरवली गेली. तिच्या धाकट्या भावाला जांघेत गाठ आली ती मात्र झोपडीत गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी, आणि याहून अधिक ती कधी बोलली नाही.

मुंबईत हा गाठीचा ताप, म्हणजेच प्लेग, प्रथम ओळखला गेला तो १८९६ च्या सप्टेंबरात, मांडवी भागात, डॉक्टर अकेशियो व्हिएगस यांच्याकडून. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती, आणि तेथे उंदीर अगोदरपासूनच पटापट मरत होते. पुढच्या इतिहासाची पाने आपल्याला ठाऊक आहेत. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या कारकिर्दीत सोल्जर लोकांनी घरोघर झडत्या घेतल्या आणि त्याचे पर्यवसान त्या जून महिन्यात गणेशखिंडीत रँडवर झालेल्या गोळीबारात झाले. आणि त्याच साली १० मार्चला रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या. या साऱ्या धामधुमीत घरे धुतली गेली, छपरे उतरविली गेली, बिछाने जाळले गेले, माणसे क्वारंटीनमध्ये कोंडली गेली. परंतु उंदराकडून माणसाकडे रोग नेमका येतो कसा, हे मात्र कोणालाही ठाऊक नव्हते.

ते शोधले पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने, १८९८ साली, कराचीत. त्या प्रयोगाचा तपशील मला एखाद्या मोठ्या काव्याइतका हलवून सोडतो. एका रुंद काचेच्या भांड्याच्या तळाशी त्याने वाळू पसरली, रोगग्रस्त माणसाच्या घरातून पकडून आणलेला मरणपंथाला लागलेला उंदीर त्यात ठेवला, आणि पिसवा पुरेशा असाव्यात म्हणून मांजराच्या अंगावरच्या काही पिसवा त्यात सोडल्या. तो उंदीर मरावयास टेकल्यावर एका लहान जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर घालून तो पिंजरा त्याने वरून आत टांगला, अशा अंतरावर की दोघांचा एकमेकांना किंवा तळाच्या वाळूला स्पर्शही होऊ नये. पहिला उंदीर मेला, थंड झाला, पिसवांनी तो देह सोडला. आणि काही दिवसांनी वरचा उंदीरही त्याच रोगाने मेला. सिमाँचे म्हणणे समकालीनांनी बराच काळ मानले नाही. पुढे मुंबईतच, परळच्या प्रयोगशाळेच्या आश्रयाने, प्लेगच्या तपासासाठी नेमलेल्या नव्या कमिशनने उंदीर आणि गिनीपिग यांवर प्रयोगांची मालिका चालविली तेव्हा ते निर्विवाद ठरले. ती प्रयोगशाळा म्हणजे जुन्या गव्हर्नमेंट हाऊसात १८९९ पासून नांदणारी आणि १९२५ पासून हाफकिन यांचे नाव मिरविणारी संस्था. मला या साऱ्यात आजीच्या कंदिलाचे मोल फार वाटते. पिसू तिला ठाऊक नव्हती. पण उंदीर पडला म्हणजे घर सोडावे, हा निर्णय बिनचूक होता, कारण यजमान उंदीर मेल्यावर उपाशी झालेल्या पिसवा पुढे ज्या देहाच्या शोधात निघत तो देह त्या घरातून आधीच निघून गेलेला असे. सरकारी हुकमाने बाहेर काढलेल्या आणि स्वतःच्या शहाणपणाने बाहेर पडलेल्या माणसांत केवढे अंतर असते, हेही त्या काळाने दाखवून दिले.

तो काळ संपला असेही म्हणवत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर, वर्षाच्या आत, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या तापाने डोके वर काढले. भयाने माणसे घराबाहेर निजत होती, आत साठविलेल्या धान्यावर उंदीर मोकाट वाढले होते, असे त्या वेळी कारण मांडले गेले. मुंबईत महानगरपालिकेचे मूषक संहारक आजही रात्री हातात विजेरी आणि काठी घेऊन गटारांच्या कडेने, बाजारांच्या मागच्या गल्ल्यांतून फिरतात आणि रात्रीगणिक तीस उंदीर मारून दाखविण्याचे बंधन पाळतात. त्या नोकरीला सुशिक्षित मुलेही अर्ज करतात, याची वर्तमानपत्रांना बातमी वाटते. मला तो सन्मानाचा व्यवसाय वाटतो. २००५ च्या जुलैमधल्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसच्या तापाने जी माणसे नेली, ती उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून चालली होती. घरातल्या लेंड्या कोरड्या झाडूने उडवू नयेत, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने भिजवून, थोडा वेळ जाऊ देऊन, फडक्याने टिपून घ्याव्यात, असे मी त्या मुलीला सांगितले ते याच धास्तीने.

राहता राहिला तो आत आलेल्यांचा निकाल. विषाला माझा विरोध आहे. बाजारात मिळणारी काळी भुकटी, झिंक फॉस्फाईड, पोटातल्या आम्लाशी मिळून विषारी वायू सोडते, तिच्यावर खात्रीचा उतारा नाही, आणि ज्या घरात रांगते मूल आहे तेथे तिने पाऊल ठेवू नये. शिवाय विष खाल्लेला उंदीर फडताळाच्या मागेच मरतो आणि त्या दुर्गंधीचा शोध आठवडाभर चालतो. चिकटपट्टी तर मला मनापासून अमान्य आहे. तीवर अडकलेला जीव तासन्‌तास ओढाताण करीत राहतो, आणि भारतीय प्राणी कल्याण मंडळाने ती बंद व्हावी असा आग्रह धरला तो योग्यच आहे. मारावयाचेच असेल तर तात्काळ मारणारा चाप बरा. नसेल तर जुना लाकडी पिंजरा. आकड्याला कांदाभजे, सुक्या खोबऱ्याचा तुकडा किंवा बोंबलाचे डोके, पण सैल अडकवलेले नव्हे, दोऱ्याने बांधलेले, म्हणजे ओढल्यावाचून ते सुटत नाही आणि ओढले की दार पडते. पिंजरा खोलीच्या मध्यभागी ठेवून उपयोग नाही. भिंतीला लागून, त्या तांदळाच्या धारेच्या वाटेवरच तो ठेवावा. लहान उंदीर नव्या वस्तूकडे कुतूहलाने येतो. मोठा मात्र संशयी, त्याच्यासाठी काही रात्री पिंजरा उघडाच ठेवून आत खाऊ घालावे लागते.

धान्याचे म्हणाल तर प्लॅस्टिकचे डबे घेऊ नयेत. कितीही जाड असले तरी ते दाताला दाद देतात. वाण्याकडे किंवा खानावळीत पंधरा किलो तेलाचा रिकामा डबा अल्प किमतीत मिळतो. तो सोड्याच्या कढत पाण्याने धुऊन उन्हात वाळवावा आणि पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडे न्यावा. आमच्या पेठेत असा एक म्हातारा अजून बसतो. तो डब्याचे तोंड गोल कापतो, कड आत दुमडून ठोकतो, बिजागरीचे झाकण बसवतो, सांध्याला डाख देतो आणि मग डबा पाण्याने भरून गिऱ्हाइकासमोर दाखवतो. कामाची मजुरी तो स्वतःहून कधीच वाढवत नाही, आणि त्याची मुलेही आता या कामात नाहीत. त्या दांपत्यासाठी मी त्याला दोन डबे सांगितले आहेत, एक तांदळाला आणि एक गव्हाला. झाकणाला कडी मात्र दोन्हीकडून बसवायला सांगितली आहे.