जुन्या कागदी कंडेन्सरास

खिदिरपूर, कोलकाता



फिलिप्सनं १९४८ साली कोलकात्यात रेडिओ बनवायला घेतले, पुण्याजवळ १९५९ मध्ये. त्या काळातल्या सेटमध्ये तुझं काम नेमकं होतं. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचं डीसी अडवायचं आणि गाणं तेवढं आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत सोडायचं. पण तू पडलास कागद, फॉइल आणि डांबराचा. गोदीकाठची ही दमट हवा आत मुरली की डीसी झिरपायला लागतं. ग्रिडवर अधिक व्होल्ट चढतात, व्हॉल्व्ह जादा करंट ओढतो, तापतो, आणि एक दिवस आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. तुझ्या जागी नवा कंडेन्सर चहाच्या पैशात येतो. ट्रान्सफॉर्मर मात्र गुंडाळून घ्यावा लागतो, तेही गुंडाळणारा भेटला तर!

तरी गिऱ्हाईक म्हणतं, 'सगळं ओरिजिनल ठेवा.' तूही लबाड. मल्टिमीटरच्या छोट्या बॅटरीवर व्हॅल्यू बरोबर दाखवतोस, कधी जास्तच. दोनशे व्होल्ट अंगावर आले की खरा रंग कळतो. आणि एसी-डीसी सेटमध्ये एरियलच्या वाटेवर बसला असशील, तर चर्चाच नको. तिथं चॅसीच मेन्सला जोडलेली असते. तू फुटलास की गच्चीवरच्या तारेत करंट. तिथं सेफ्टी रेटिंगचाच कंडेन्सर लागेल.

सरसकट जुनं फेका म्हणणाऱ्यांतला मी नाही. तुझ्या नात्यातले अभ्रकाचे बहुतेक अजून धडधाकट असतात, त्यांना मी हात लावत नाही. इलेक्ट्रोलिटिकला संधी देतो. मोठ्या रेझिस्टरमधून हळूहळू व्होल्टेज चढवलं की आतला ऑक्साइडचा थर पुन्हा धरतो. लीकेज उतरलं तर राहा, नाहीतर निघ.

तुला मात्र एवढंच देऊ शकतो: तुझं टरफल. आतला माल काढून ६३० व्होल्टचा नवा फिल्म कंडेन्सर बसवतो, टोकं मेणानं बंद करतो. वरून तूच दिसशील.

इथं महालयाच्या पहाटे चारला रेडिओवर 'महिषासुरमर्दिनी' लागते, त्याआधी सेट द्यायचे असतात. त्यामुळे वाद नको. मान्य नसेल तर तुझं ग्रिडकडचं टोक सोडवतो, मध्ये व्होल्टमीटर लावतो, सेट चालू करतो. काटा शून्यावर राहिला तर तुला परत जोडून देतो.

तुझा,
एक रेडिओ मेकॅनिक