जालन्याचे दवाखाने आणि जालन्याची माणसे

मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, छत्रपती संभाजीनगराच्या पूर्वेस सुमारे साठ किलोमीटरांवर जालना हे शहर आहे. कुंडलिका नदी गावातून वाहते. वाहते म्हणण्यापेक्षा, पावसाळ्यात वाहते व उरलेले आठ महिने आपली वाट तेवढी राखून ठेवते. 'जालना सोने का पालना' ही म्हण या बाजूस सर्वतोमुखी आहे, आणि व्यापाराच्या दृष्टीने ती अगदीच पोकळ नाही. येथील लोखंडी सळयांचे कारखाने व बियाण्यांचा व्यवसाय यांचे नाव देशभर झाले आहे. 1964 साली येथे बियाण्यांची कंपनी काढणारे बद्रीनारायण बारवाले यांस 1998 साली जागतिक अन्न पुरस्कारही मिळाला. 1981 च्या मे महिन्यात जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. समर्थ रामदासांचे जन्मस्थान जे जांब, तेही याच जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यात आहे.

परंतु आम्ही या खेपेस जालन्यास गेलो ते देवदर्शनास नव्हे आणि व्यापार पाहण्यासही नव्हे. एखाद्या प्रांतातील माणसे आजारी पडली म्हणजे कोठे जातात, किती खर्च करतात, आणि आजारी पडू नये म्हणून काय करतात, या तीन गोष्टी पाहिल्या म्हणजे त्या प्रांताची जितकी ओळख पटते तितकी त्याची देवळे व किल्ले पाहून पटत नाही, असे आमचे मत आहे. तेव्हा त्या दृष्टीने जे पाहिले तेच वाचकांपुढे ठेवीत आहो.

पहिली गोष्ट, जावे कोठे. निजामी अमलात या भागात इंग्रजी वैद्यकाची ओळख मुख्यत्वे छावणीमुळे व मिशनमुळे झाली. 1843 साली ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री हे मूळचे ब्राह्मण. त्यांनी पुढे जालन्यानजीक बेथेल नावाची वसाहत वसविली. स्कॉटिश मिशनचा दवाखानाही येथे उभा राहिला व मिशन हॉस्पिटल या नावाने तो लोकांच्या तोंडी रुळला. सोवळ्याओवळ्याच्या घरांत त्या काळी डॉक्टरी पातळ औषध घेण्याचा मोठा संकोच असे. पुडी चाले, पण बाटली चालत नसे. तो संकोच कोणाच्या व्याख्यानाने गेला नाही. घरातील सून बाळंतपणात अडली, मुलाचा ताप उतरेना, अशा प्रसंगांनीच तो हळूहळू घालविला. प्रसंगापुढे शास्त्रार्थ टिकत नाही, हेच खरे.

नंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, आणि 1956 साली औरंगाबादेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या रुग्णालयास सारा मराठवाडा 'घाटी' म्हणतो. जालन्याच्या खेडुताच्या बोलण्यात 'घाटीला नेला' हे शब्द आले, की दुखणे विकोपास गेले असे ऐकणाऱ्याने समजावे. दोन पिढ्या हाच क्रम होता : प्रथम घरचा काढा, मग देवऋषी, मग गावचा डॉक्टर, आणि सर्व उपाय हरल्यावर घाटी. इतक्या उशिरा पोहोचलेला रोगी दगावला म्हणजे दोष मात्र घाटीच्या पदरी पडे. आता 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावता येते. आणि 2024 च्या ऑक्टोबरात जालन्याच्याच वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. बाळंतपणासाठी दवाखान्यात जाणे ही तर आता रूढीच होऊन बसली आहे. 2005-06 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील शेकडा 65 च्या आसपास बाळंतपणे दवाखान्यात होत. 2019-21 च्या पाहणीत हे प्रमाण शेकडा 95 च्या घरात गेले. एका पिढीत झालेला हा पालट लहान नव्हे. ज्या सासूबाई स्वतः गोठ्याशेजारच्या खोलीत बाळंत झाल्या, त्याच आज सुनेच्या नोंदणीचे कार्ड ट्रंकेत जपून ठेवताना आम्ही पाहिल्या.

दुसरी गोष्ट, खर्च. गोरगरिबांच्या शस्त्रक्रियांचा भार सरकारने उचलावा म्हणून 2012 च्या जुलैत राज्याच्या आठ जिल्ह्यांत एक योजना निघाली. जालना त्या आठांत नव्हते; 2013 च्या नोव्हेंबरात ती सर्व राज्यास लागू झाली तेव्हा जालन्याचाही तीत समावेश झाला. 2017 पासून तीस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे; पुढे तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत वाढली व सर्व उत्पन्नगटांच्या कुटुंबांस ती खुली झाली. शिवाय 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतील केसपेपरचे शुल्कही उठविण्यात आले. कागदावर पाहता आता चिंतेचे कारण उरू नये.

तथापि अंबडकडील एका वृद्ध शेतकऱ्याने आम्हांस जो हिशेब सांगितला तो निराळा होता. ते म्हणाले, "साहेब, ऑपरेशन फुकट झालं, खोटं कशाला बोलू? पण म्हातारीसंगं पोरगा चार दिवस राहिला, त्याची मजुरी बुडाली. गाडीभाडं लागलं, खानावळ लागली. ऑपरेशनच्या आधी तीन ठिकाणी हिंडलो, त्याचं तर कुठंच कार्ड चालत नाही." या अखेरच्या वाक्यात फार मोठे सत्य आहे. मोठ्या शस्त्रक्रियेस सरकार पैसे देते. परंतु त्या शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर जे तपास, जी औषधे व ज्या खेपा होतात, त्यांतच बैलजोडी विकली जाते. म्हणून मनुष्य त्या वाटेवर पाऊलच टाकीत नाही, आणि दुखणे शस्त्रक्रियेच्या योग्यतेस येईपर्यंत वाट पाहतो.

याचे अत्यंत करुण उदाहरण पाहावयाचे तर शेजारच्या बीड जिल्ह्याकडे वळावे लागते. ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रियांची 2019 साली शासनाच्या समितीने पाहणी केली. सुमारे 82 हजार स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. जालना जिल्ह्यातूनही पुष्कळ कुटुंबे दरसाल कोयते घेऊन ऊसतोडीस जातात, तेव्हा ही गोष्ट परक्याची नव्हे. एक दिवस काम बुडाले तर त्या जोडप्यास मुकादमाकडे दंड भरावा लागतो. वारंवार दुखते, दर खेपेस खाडा होतो, त्यापेक्षा एकदाच काय ते काढून टाकावे, हा विचार कोणाच्या अज्ञानातून निघाला असे म्हणणे सोपे आहे. आमच्या मते तो खाड्याच्या हिशेबातून निघाला आहे. वेळीच साधे औषध मिळते व त्या दिवसाची मजुरी बुडत नाही अशी खात्री असती, तर यांतील कित्येक शस्त्रक्रिया टळल्या असत्या.

आता तिसरी व सर्वांत कठीण गोष्ट, रोग होऊच न देणे. जालना-अंबड या बाजूस जुन्या बारवा पुष्कळ आहेत. अंबडची बारव तर पायऱ्यांच्या रेखीव रचनेमुळे पाहणाराच्या मनात भरते. परंतु पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालता येईल अशा विहिरींतूनच एके काळी नारूचा रोग पसरत असे. ज्याच्या पायातून नारू बाहेर पडत आहे तो मनुष्य पाण्यात उतरला म्हणजे कृमीची सूक्ष्म पिल्ले पाण्यात पडत. पाण्यातील अतिसूक्ष्म जीव ती गिळीत. ते पाणी गाळल्यावाचून पिणाऱ्याच्या देहात वर्षभराने हातभर लांबीचा नारू तयार होई. या रोगावर लस नाही, हमखास औषध नाही. तरीही तो देशातून समूळ गेला : 1996 नंतर भारतात त्याचा रोगी आढळला नाही, व 2000 साली देश नारूमुक्त जाहीर झाला. तो गेला कशाने? पाणी दुहेरी कापडाने गाळून, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून व हातपंप बसवून. वस्त्रगाळ पाणी प्यावे हे आमच्या आज्या सांगत आल्या होत्या. सरकारी कर्मचाऱ्यांनी तेच दारोदार जाऊन सांगितले. इतका मोठा विजय इतक्या साध्या साधनांनी मिळाला. परंतु आज गावातील तरुणांस विचारावे तर त्यांना नारू हा शब्दही ठाऊक नसतो. न झालेल्या रोगाचे स्मारक कोणी बांधीत नाही. प्रतिबंधाच्या कामाचे दुर्दैव हेच, की ते यशस्वी झाले म्हणजे अदृश्य होते.

म्हणूनच आजही आरोग्य उपकेंद्रात तीस वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब, मधुमेह व मुखाचा कर्करोग यांची तपासणी विनामूल्य होते, तरी तेथे गर्दी दिसत नाही. एका गावी आशाताई एका वृद्धेस परोपरीने विनवीत होत्या. आजीबाईंनी निर्वाणीचा प्रश्न केला, "दुखंना का खुपंना, मंग दाखवायचं कशाला?" त्याच आजीबाई अंग जरा कसकसले की खासगी डॉक्टरकडे जाऊन "सलाइन लावा" असा आग्रह धरतात व तीनशे-चारशे रुपये आनंदाने मोजतात. सुई टोचली, बाटली लटकली, म्हणजे उपचार झाला. मीठ कमी करा, तंबाखू सोडा, असे सांगितले म्हणजे डॉक्टरने काहीच दिले नाही, ही समजूत फार खोल गेली आहे. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हे कोणत्याही बसस्थानकाच्या भिंतीवर वाचावयास मिळते.

मात्र ही उणीव केवळ आमच्या खेडुतांची आहे असे कोणी समजू नये. फ्रान्सचे उदाहरण घ्यावे. महायुद्धाने जर्जर झालेल्या त्या देशाने 1945 च्या ऑक्टोबरात सामाजिक सुरक्षेची व्यवस्था उभारली. ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे भरावे व गरजेप्रमाणे घ्यावे, हे तिचे सूत्र. कारखानदार आणि त्याचा मजूर दोघेही एकाच व्यवस्थेचे सभासद असल्यामुळे तिची झीज झाली की आरडाओरड सर्वांचीच होते. औषधाच्या प्रत्येक डब्यामागे रोग्याने सोसावयाचा अर्धा युरो 2024 साली एक युरो झाला, तर त्यावर देशभर चर्चा झाली. ही झाली शहाणपणाची बाजू. परंतु ज्या देशात पाश्चर जन्मला, ज्याच्या राजधानीत 1921 साली क्षयाची बीसीजी लस प्रथम टोचली गेली, आणि ज्या पाश्चर संस्थेत काम करून हाफकिन हिंदुस्थानात आले व त्यांनी 1897 साली मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, त्याच देशात 2016 च्या पाहणीत शेकडा 41 लोकांनी लसी निर्धोक आहेत असे मानण्यास नकार दिला! 67 देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. शेवटी 2018 पासून बालकांच्या सक्तीच्या लसींची संख्या तीनवरून अकरावर न्यावी लागली. रोग दिसेनासा झाला की लस संशयास्पद वाटू लागते. नारूचे विस्मरण आणि फ्रान्समधील हा संशय, दोन्ही एकाच वेलीची फळे होत.

जालन्याने तरी या बाबतीत मान खाली घालण्याचे कारण नाही. करोनाच्या लसीकरणाची रंगीत तालीम 2 जानेवारी 2021 रोजी राज्यातील ज्या चार जिल्ह्यांत झाली त्यांत जालना एक होते. प्रतिबंधाचे मोल या मातीस कळतच नाही असेही नाही. कडवंची गावी 1996 पासून पाणलोटाचे काम झाले. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाने गावकऱ्यांनी बांध घातले, पाणी अडविले, आणि जेथे कोरडवाहू पिकांची मारामार तेथे द्राक्षबागा उभ्या राहिल्या. 2012-13 च्या भीषण दुष्काळात शहराची तहान टँकरांवर आली, तेव्हा नागरिकांनी वर्गणी काढून निजामकालीन घाणेवाडी तलावातील गाळ उपसला. दुष्काळ पडल्यावर टँकर धावडविण्यापेक्षा आधी पाणी अडविणे स्वस्त पडते, हे ज्या शेतकऱ्यास पटले, त्यास रक्तदाबाची गोष्ट पटणार नाही काय? मात्र ती त्याच्या भाषेत, त्याच्या बांधावर जाऊन सांगितली पाहिजे.

आणि येथे आम्हांस आमच्याच वाचकवर्गाविषयी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. सुशिक्षित घरांनी सरकारी दवाखान्यांची पायरी कधीच सोडली. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईस "सरकारी दवाखान्यात जा, तेथे सर्व फुकट असते" असे आपण सांगतो. परंतु तेथे पलंगावर चादर आहे की नाही, औषध संपले आहे की काय, हे आपण जाणत नाही, कारण तेथे आपले कोणी पडलेले नसते. ज्यांच्या तक्रारीस वजन आहे ते तेथून निघून गेले, आणि जे राहिले त्यांच्या तक्रारीस वजन नाही. विम्याचा हप्ता भरला म्हणजे आरोग्याची जबाबदारी संपली असे मानणारी मंडळी आपल्यातही कमी नाहीत. "काही होत नाही ना, मग तपासणी कशाला?" हे वाक्य सुशिक्षित दिवाणखान्यांतूनही ऐकू येते, त्या आजीबाईंच्या बोलीपेक्षा त्याची भाषा तेवढी शुद्ध असते.

आमची सूचना अगदी साधी आहे. घरातील तीस वर्षांवरील प्रत्येक माणसाने वर्षातून एकदा रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. शक्य तर जवळच्या सरकारी केंद्रातच घ्यावी, म्हणजे ते केंद्र कसे आहे तेही कळेल. जेथे उणे दिसेल तेथे चार ओळींचा अर्ज लिहावा. लिहिता येणे हे आपल्या हातातील साधन आहे, आणि ते त्या वृद्ध शेतकऱ्याच्या हाती नाही. घरी कामास येणाऱ्या बाईस दवाखान्यासाठी खाडा झाला तर तिचा पगार कापू नये. या तिन्ही गोष्टींस मोठा खर्च लागत नाही. पाणी गाळून पिण्यासही लागला नव्हता. परंतु तेवढ्याने एक रोग या भूमीवरून नाहीसा झाला.