दुसरी सही

लोहगावच्या विमानतळावर उतरणाऱ्या फारच थोड्या प्रवाशांना ठाऊक असते, की या धावपट्टीवरून एकेकाळी दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बफेकी विमाने उडत असत. मला ते ठाऊक आहे ते मामांमुळे. मामा वायुदलात फिटर होते. 1957 साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांच्या वाट्याला आले ते लिबरेटर.

या विमानांची कथा विलक्षण आहे. युद्ध संपल्यावर अमेरिकेकडून लेंड-लीज कराराने मिळालेली लिबरेटर विमाने ब्रिटिशांनी कानपूरला गोळा केली आणि पुन्हा वापरता येऊ नयेत अशा बेताने मोडून ठेवली. उपकरणे फोडली, इंजिनांत वाळू टाकली. त्या भंगारातून हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कामगारांनी चाळीसच्या आसपास विमाने उभी केली. कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली आणि तिथे त्यांची पूर्ण दुरुस्ती झाली. 1948 मध्ये त्यांच्यावरच पाचवी स्क्वाड्रन उभी राहिली आणि पुढे पुण्यास आली. 1951 मध्ये सहावी स्क्वाड्रनही पुण्यात लिबरेटर घेऊनच पुन्हा उभारली गेली व समुद्रावर टेहळणी करू लागली. 1968 च्या अखेरीपर्यंत भारताने ही विमाने वापरली. जगातल्या संग्रहालयांत आज जी मोजकी लिबरेटर आहेत, त्यांतील कितीतरी, लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममधले धरून, मूळची आपल्या वायुदलातली आहेत.

मामांच्या बोलण्यात मात्र हा इतिहास नसे. असे ते काम. चौदा सिलिंडरांची चार इंजिने. त्याच जातीचे इंजिन डाकोटालाही असल्याने हातांना सवय होती. इंजिन थंड असता खालच्या सिलिंडरांत तेल उतरून साचते; तसेच सुरू केले तर दांडा वाकतो. म्हणून सकाळी पंख्याचे पाते धरून हाताने फिरवायचे, आणि अडखळले तर जोर न लावता खालचा प्लग काढून तेल वाहू द्यायचे. "अडखळलं की थांबायचं रे," मामा म्हणत, "तिथं ताकद दाखवणारा फिटर नव्हे."

काम झाले की फॉर्म सातशेवर सही. करणाऱ्याची एक, तपासणाऱ्याची दुसरी. एकदा संध्याकाळी हत्यारे मोजताना एक पाना कमी भरला. विमान थांबवून मामांनी दोन तास इंजिनाची झाकणे उघडून पाहिली. पाना त्यांच्याच खिशात निघाला. बराकीत महिनाभर थट्टा झाली. ही गोष्ट सांगताना ते स्वतःही हसत. पण ते दोन तास फुकट गेले, असे मात्र त्यांनी कधी म्हटले नाही.

हे सारे ऐकत असतानाच मी एका अप्रसिद्ध पोथीचे संपादन करीत होतो. एका पानावर कसरीने दीड ओळ खाल्ली होती. मागचापुढचा संदर्भ पाहून मी ती भरून काढली, आणि कंस वा तळटीप न देता छापू दिली. शब्द काळाला शोभतील असेच होते. कोणाच्या लक्षातही आले नाही. मामांना हे मी काहीशा अभिमानाने सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग दुसरी सही कोणाची?"

भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी 1919 ते 1966 पर्यंत पिढ्या खपल्या. पानापानाखाली पाठभेद नोंदवण्याचे कारण मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो. ते मला कळले त्या दिवशी. पाठभेद म्हणजे पांडित्य मिरवणे नव्हे, पुढे येणाऱ्याला सहीसाठी सोडलेली जागा.

ऑक्टोबर 2019 मध्ये अमेरिकेतील कनेटिकट राज्यात बी-17 जातीचे एक जुने बॉम्बफेकी विमान हौशी प्रवाशांना घेऊन उडाले आणि लगेच परतताना कोसळले. सात माणसे दगावली. आपल्या वायुदलातून निवृत्त झालेले एक लिबरेटर 1989 मध्ये पुन्हा उडते करणारी संस्था तीच. मामांनी बातमी दोनदा वाचली व वर्तमानपत्र घडी करून ठेवले. पुढल्या वर्षी ते गेले. चौकशीचा अहवाल 2021 मध्ये आला, तो मी एकट्यानेच वाचला. इंजिनांची अपुरी देखभाल हे त्यात अपघाताला हातभार लावणारे कारण मानले आहे. विमान चालवणारे वैमानिकच संस्थेच्या देखभालीचे प्रमुखही होते. त्यांचे या यंत्रावर प्रेम नव्हते, असे कोण म्हणेल? किंबहुना प्रेमापोटीच माणूस स्वतःचे काम स्वतःच तपासून मोकळा होतो. निदान मी तरी तसाच झालो होतो.

मग जुनी विमाने उडवावीत, की संग्रहालयात स्थिर ठेवावीत? लोहगावच्या त्या माणसांपुढे हा प्रश्नच नव्हता. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी विमान हवे होते आणि आत बसणारे परत यायला हवे होते. जुने म्हणून जपण्याची चैन आपली आहे, आणि म्हणून जबाबदारी अधिक आपली.

त्या पोथीची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा माझी दीड ओळ मी काढून टाकली. तिथे आता नुसती टिंबे आहेत. एका विद्यार्थिनीने परवा विचारले, "सर, इथे काय असेल?" मी म्हटले, "तू सांग, पण कंसात."